सातबाऱ्यावर मंडळीचं नाव नाही

वाचकाचं पत्र

सलाम. आमची मंडळी (चर्च) स्वतंत्र आहे, कुठल्या डायोसिसखाली, म्हणजे बिशपच्या अखत्यारीत, नाही. पिंपरी-चिंचवडच्या बाहेरच्या बाजूला भाड्याच्या हॉलमध्ये उपासना होते, साधारण १४० कुटुंबं आहेत. तीन वर्षांपूर्वी पास्टरांनी बांधकाम निधी सुरू केला. कुणी दागिने मोडून दिले, कुणी पीएफ काढून दिला. ४६ लाख जमले असं त्यांनीच नाताळच्या उपासनेत सांगितलं. २२ गुंठे शेतजमीन घेतली म्हणून आम्ही सगळे तिथे जाऊन प्रार्थना करून आलो. आता कळतं की जागा पास्टरांच्या स्वतःच्या नावावर आहे. कंपाउंडचं काम त्यांच्या मेव्हण्याला दिलं आणि मंडळीचा खजिनदारही तोच. अर्पणासाठी स्टेजजवळ लावलेला क्यूआर कोड स्कॅन केला की पास्टरांचंच नाव येतं. महिला संघाच्या सभेत मी एवढंच विचारलं, की ऑडिट झालं का? पुढच्या रविवारी संदेशात, मोशेविरुद्ध बोलली म्हणून त्याच्या बहिणीला, मिर्यामला, अंगावर पांढरं कोड कसं फुटलं ते ऐकावं लागलं. माझं नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडेच बघत होते. मुलीचं लग्न डिसेंबरात आहे आणि ते पास्टरच लावणार आहेत. आमचे मिस्टर म्हणतात, गप्प बस, आपण देवाला दिलं, पुढचं देव बघेल. शिवाय हल्लीच्या दिवसांत बाहेर बोभाटा झाला तर त्रास आपल्याच लोकांना. मी काय करावं?

एक बहीण

सल्ला

ताई, सलाम.

तुमचा ऑडिटचा प्रश्न अगदी रास्त होता, पण सुरुवात तिथून करू नका. ऑडिटचा कागद पास्टरांच्या हातात आहे. तो द्यायचा की नाही, ते ठरवणार. जमिनीचे कागद मात्र सरकारदरबारी आहेत आणि ते बघायला कुणाची परवानगी लागत नाही. गावाचं नाव आणि गट नंबर एवढंच हवं. ज्या दिवशी सगळे प्रार्थनेला गेलात त्या दिवशीचा फोटो कुणाकडे तरी असेलच, त्यावरून शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं तरी गट नंबर मिळतो.

महाभूलेखच्या साइटवर सातबारा फुकट दिसतो आणि डिजिटल सहीची प्रत १५ रुपयांत निघते. ती काढाच, कारण साध्या प्रतीला कुठलंही ऑफिस विचारत नाही. त्यात दोन जागा बघा. पहिली भोगवटादाराचं नाव. दुसरी, जिकडे कुणाचं लक्ष जात नाही ती, ‘इतर अधिकार’. जमिनीवर कुणी कर्ज काढलं असेल तर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा तिथे चढलेला असतो. मंडळीच्या पैशांनी घेतलेल्या जागेवर पास्टरांच्या घराचं किंवा गाडीचं कर्ज दिसलं, तर पुढचं सगळं बोलणं बदलतं.

मग नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच गट नंबरवर इंडेक्स २, म्हणजे खरेदीखताचा सारांश, शोधा. त्यात लिहून देणारा, लिहून घेणारा, तारीख, मोबदला आणि बाजारभाव असं सगळं असतं. मोबदल्याचा आकडा वहीत टिपून घ्या. निधी ४६ लाख आणि खरेदी, समजा, २१ लाखांची असेल, तर उरलेले २५ लाख कंपाउंडमध्ये किंवा बँकेत दिसायला हवेत. इथे एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘कागदावर कमी दाखवलंय, बाकी रोखीत दिले.’ हे उत्तर तुमचं समाधान करायला दिलं जातं, पण ते स्वतःच एक कबुली आहे. कागदाबाहेर दिलेल्या रोखीला पावती नसते आणि ती कायद्यात बसतही नाही. त्यामुळे ती खरंच दिली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

आता पास्टरांच्या बाजूनेही बघू, कारण जागा स्वतःच्या नावावर घेण्याला एक खरं कारण असू शकतं. महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. ट्रस्ट शेतकरी नसतो. म्हणून ज्याच्या घरी सातबारा आहे अशा एखाद्याच्या नावावर जागा घ्यायची आणि पुढे बिनशेती झाली की ट्रस्टकडे वळवायची, असं अनेक संस्था करतात. ही वाट मुळात धोक्याचीच. तरीही हेतू साफ असेल तर त्याचा माग कागदावर राहतो: जागा ट्रस्टच्या पैशांतून घेतली जात आहे असा खरेदीआधीचा ठराव, पैसे ट्रस्टच्या खात्यातून विकणाऱ्याला गेल्याची नोंद, आणि ‘मी ही जागा मंडळीसाठी धारण करतो’ असं पास्टरांचं नोंदणीकृत घोषणापत्र. यातलं एकही नसेल, तर उद्या पास्टरांचं काही बरंवाईट झालं की वारसनोंद त्यांच्या मुलांची होईल आणि तुम्ही १४० कुटुंबं कोर्टात उभी राहाल. दुसऱ्याच्या पैशांनी स्वतःच्या नावावर मालमत्ता घेणं बेनामी कायद्यातही अडकू शकतं. विश्वस्त या नात्याने धारण केलेल्या मालमत्तेला त्यात सूट आहे, पण विश्वस्त आहोत हे दाखवणारा कागद हवा. म्हणून घोषणापत्र मागणं हे पास्टरांच्याही हिताचं आहे. मागताना तसंच मांडा.

आता ट्रस्टकडे वळू. तुमची मंडळी नोंदलेली आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नसेल. निम्म्या सभासदांना नसतं. पावती पुस्तकावर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो घेऊन पुण्याच्या धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात गेलात, तर ‘परिशिष्ट एक’चा उतारा मागता येतो. सध्याचे विश्वस्त कोण आणि ट्रस्टची स्थावर मालमत्ता कोणती, ते त्यात असतं. विश्वस्त बदलले किंवा नवी जागा आली, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. २२ गुंठे तिथे नसतील तर सरकारच्या लेखी ती जागा मंडळीची नाहीच. नोंदणीच नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा १९५० प्रमाणे ती ट्रस्ट स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत करायला हवी होती. अशा वेळी पहिली मागणी ऑडिटची नको, नोंदणीची करा.

नोंदलेल्या ट्रस्टचं खातं दर ३१ मार्चला बंद होतं आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याचं ऑडिट व्हायचं असतं. ‘सीएकडे आहे’ हे उत्तर जूनमध्ये चालेल. डिसेंबरात चालणार नाही, आणि मागच्या वर्षाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

कागद हातात आला की बऱ्याच जणांचं सीएची सही-शिक्का बघून समाधान होतं. तिथे थांबू नका. ट्रस्टच्या ताळेबंदाचा नमुना ठरलेला आहे. डाव्या बाजूला निधी असतात, त्यात ‘इमारत निधी’ वेगळा दिसायला हवा. तीन वर्षांची रक्कम तिथे चढत गेलेली असेल. आता उजवी बाजू: तेवढीच रक्कम जमीन, चालू बांधकाम, मुदत ठेव किंवा बँकशिल्लक अशा रूपांत सापडायला हवी. डावीकडे इमारत निधी कोराच असेल, तर पैसा ट्रस्टमध्ये कधी आलाच नाही. तो क्यूआर कोडच्या वाटेने भलतीकडे गेला. डावीकडे ४६ लाख आणि उजवीकडे ‘ॲडव्हान्स’ या शीर्षकाखाली मोठा आकडा असेल, तर त्याखालच्या ओळी वाचा. विश्वस्तांना, नोकरांना, ठेकेदारांना, वकिलांना आणि इतरांना दिलेली उचल तिथे वेगवेगळी लिहायची असते. मेव्हणा खजिनदारही आहे आणि ठेकेदारही, त्यामुळे त्याची उचल कुठल्या ओळीत टाकली आहे हे बघण्यासारखं असेल.

ऑडिटरने सोबत एक प्रश्नावली भरायची असते. हिशेब नियमित ठेवले का, विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, सभांचं इतिवृत्त आहे का, असे प्रश्न त्यात असतात. सगळीकडे ‘होय’, ‘नाही’, ‘लागू नाही’ असं एकाच दमात लिहिलेलं असेल तर सीएने वह्या उघडूनही बघितल्या नसतील. निविदांच्या प्रश्नापुढे ‘लागू नाही’ आणि ताळेबंदात नवं कंपाउंड, हे दोन्ही एकाच अहवालात सापडलं तर तुमच्या हाती लेखी विसंगती आली.

नुसतं ऑडिट असणं पुरेसं नसतं, हे सिंगापूरच्या सिटी हार्वेस्ट चर्चने दाखवून दिलं. तिथेही बांधकाम निधीच होता. ऑडिट होतं, बोर्ड होतं. पाळक कॉंग ही (Kong Hee) यांच्या पत्नीच्या पॉप गाण्यांच्या कारकिर्दीवर हा निधी वळवला गेला. वहीत मात्र ती ‘रोख्यांतली गुंतवणूक’ होती, आणि रोखे काढणाऱ्या कंपन्या चर्चच्याच पुढाऱ्यांच्या मुठीत होत्या. आकडा होता २ कोटी ४० लाख सिंगापूर डॉलरचा. तो झाकायला नंतर आणखी २ कोटी ६० लाख फिरवले गेले. २०१५ मध्ये सहा जण दोषी ठरले. कॉंग यांची आठ वर्षांची शिक्षा २०१७ मध्ये साडेतीन वर्षांवर आली. कुणी स्वतःचा खिसा भरला असा आरोप तिथे नव्हताच. गाण्यांतून सुवार्ता पसरेल असं त्यांचं म्हणणं होतं. तरी तो विश्वासभंगच ठरला, कारण पैसा ज्यासाठी मागितला त्यासाठी वापरला नाही आणि देणाऱ्यांपासून ते लपवलं. तुमच्यासाठी यातली खरी ओळ वेगळीच आहे. २००३ मध्येच एका सभासदाने हा प्रश्न विचारला होता. त्याला जाहीर माफी मागायला लावली. पोलिसांचा तपास सुरू झाला २०१० मध्ये. त्या सात वर्षांत मंडळीतलं कुणी त्याच्या बाजूला उभं राहिलं असतं तर बराच पैसा वाचला असता.

म्हणजे एकटीने बोलू नका. मिर्यामचा संदेश एकट्या माणसाला गप्प करायलाच असतो. तसं बघितलं तर गणना बाराव्या अध्यायात मिर्याम बोलली ती मोशेच्या कूशी बायकोबद्दल आणि आपल्यातूनही देव बोलतो याबद्दल. पैशांचा तिथे संबंध नाही. पैशांच्या बाबतीत मोशेने काय केलं ते निर्गम अडतिसाव्या अध्यायात आहे. निवासमंडपासाठी लोकांनी दिलेलं सोनं २९ किक्कार ७३० शेकेल, मग रुपं, मग पितळ, आणि कशाकशाला किती लागलं, सगळं वजनानिशी लिहिलेलं. तो बांधकाम निधीचा हिशेबच आहे. ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मधलं वचनही लवकरच तुमच्या वाट्याला येईल. तिथे देव परक्या राजांना बजावतो आहे, की अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना इजा करू नका. ताळेबंद मागणं ही इजा नव्हे. उलट शमुवेल म्हातारपणी सगळ्या इस्राएलापुढे स्वतः उभा राहिला आणि ‘मी कुणाचा बैल घेतला, सांगा’ म्हणाला. हे पास्टरांना ऐकवू नका, वाद वाढेल. तुमच्या मिस्टरांना मात्र शांतपणे वाचून दाखवा, कारण तुमच्यासोबत पहिली सही त्यांचीच हवी.

सह्या पाच ते सात पुरेत. १ तीमथ्य ५:१९ मध्ये मंडळीच्या वडिलांवरच्या (पुढाऱ्यांवरच्या) आरोपाला दोन-तीन साक्षीदार लागतात, त्याहून थोड्या जास्त. माणसं निवडताना काळजी घ्या. ज्यांनी मोठी रक्कम दिली आणि ज्यांच्याकडे पावती किंवा यूपीआयची नोंद आहे असे दोघं तरी असावेत. ज्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघून पास्टरही नमतं घेतील असे एक जुने सभासद असावेत. पास्टरांशी आधीपासून वैर असलेला आणि दुसरी मंडळी काढायच्या तयारीत असलेला माणूस अशा वेळी सर्वांत पुढे येतो. त्याला मोहात पडून घेऊ नका. त्याची एक सही बाकीच्या सहा सह्या वाया घालवेल.

पत्र एका पानाचं, विशेषणांशिवाय:

‘आम्ही खाली सही करणारे मंडळीचे सभासद आहोत. बांधकाम निधीबाबत पुढील कागद पाहायला मिळावेत ही विनंती. ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि सध्याच्या विश्वस्तांची नावं. गेल्या तीन आर्थिक वर्षांचे ऑडिट अहवाल. ज्या खात्यात निधी जमा झाला त्याचा बँक उतारा. जागेचं खरेदीखत आणि त्याबाबतचा ठराव. कंपाउंडच्या कामाची दरपत्रकं, बिलं आणि दिलेल्या रकमांचा तपशील. आमच्यापैकी दोघं येऊन पाहतील. २१ दिवसांत सोयीचा दिवस कळवावा.’

‘अफरातफर’, ‘फसवणूक’, ‘खाल्ले’ यातला एकही शब्द नको. पत्र पास्टर आणि प्रत्येक विश्वस्ताच्या नावे वेगवेगळं काढा. एक प्रत हातोहात देऊन पोच घ्या, बाकीच्या स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ग्रुपवर गेलं की पैशांचा प्रश्न मागे पडतो आणि अब्रूचा पुढे येतो, बदनामीची नोटीसही तिथूनच येते. विश्वस्तांना आणि अधिकाऱ्यांना सद्भावनेने लिहिलेल्या पत्राची गोष्ट वेगळी असते.

उत्तर बरं आलं, तर कुणी हरलं-जिंकलं असं न करता व्यवस्था बदलून घ्या. अर्पण मोजण्याचं काम सर्वांत आधी. २ राजे बाराव्या अध्यायात योवाश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराच्या डागडुजीचे पैसे घेतले, डागडुजी काही केली नाही. तेव्हा पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली आणि ती भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघं मिळून मोजायचे. दोन वेगळ्या घरची माणसं, मुद्दा तेवढाच. (त्याच अध्यायात पुढे म्हटलंय, की कामगारांना पैसे देणाऱ्यांकडे हिशेब मागत नसत, कारण ते इमानाने वागत. हे वचन तुमच्यापुढे टाकलं जाईल. ते पैसे वाटणाऱ्या मुकादमांबद्दल आहे. पैसे गोळा करणाऱ्या याजकांकडून तोवर मोजणी काढून घेतली होती.)

तुमच्याकडे ते असं बसवता येईल. थैल्या उपासनेनंतर हॉलमध्येच, सगळ्यांच्या नजरेसमोरच्या टेबलावर उघडायच्या. तीन मोजणारे, एकमेकांचे नातलग नसलेले, दर महिन्याला पाळीने बदलणारे. पास्टर आणि खजिनदार त्यात नकोत. नोटांची फोड स्लिपवर लिहायची: ५०० च्या किती, २०० च्या किती, चिल्लर किती. दशांश, साधं अर्पण, बांधकाम निधी आणि उपकारस्तुती वेगवेगळे. तिघांच्या सह्या, एक प्रत थैलीत, एक मोजणाऱ्याकडे. सोमवारी सगळीच्या सगळी रक्कम बँकेत, आणि बँकेच्या स्लिपचा आकडा कालच्या स्लिपशी जुळलाच पाहिजे. स्वतंत्र मंडळ्यांत सर्वांत जास्त गळती होते ती इथे: ‘हॉलचं भाडं द्यायचं होतं म्हणून थैलीतूनच दिलं.’ चोरी झालेली नसते, पण कधी किती आलं होतं हे कायमचं पुसलं जातं. भाडं द्या, पण बँकेतून. लहानसहान खर्चाला दोन-तीन हजारांची किरकोळ रोकड वेगळी ठेवा आणि पावत्या जोडून ती भरून घ्या. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख देऊच नका, आयकरात ट्रस्टचा तेवढा खर्च धरला जात नाही.

क्यूआर कोड ट्रस्टच्या पॅनवर उघडलेल्या खात्याचाच हवा आणि खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या हव्यात. मेव्हणा त्या तिघांत नको. नव्या बांधकामाच्या कामांना तीन सीलबंद दरपत्रकं घ्या. मेव्हण्याचं सर्वांत स्वस्त निघालं तर त्याला द्यायला हरकत नाही, पण मग खजिनदारी सोडून.

एक गोष्ट मंडळीलाही बोलायला हवी. तुमच्या पास्टरांना ठरलेला पगार आहे का? बहुतेक स्वतंत्र मंडळ्यांत नसतो. ‘प्रभू पुरवतो’ म्हणून कुणी आकडा ठरवत नाही, मग घरभाडं, मुलांची फी, पेट्रोल सगळं अर्पणातूनच उचललं जातं आणि खासगी-सार्वजनिक एक होऊन जातं. अनेक ठिकाणी लबाडीची सुरुवात लबाडीने होत नाही, ती इथून होते. मानधन ठरवा, भविष्य निर्वाहाचं बघा, दर महिन्याला खात्यात टाका. त्यानंतर वेगळा रुपया उचलला तर बोलायला तुम्ही मोकळे.

उत्तर आलंच नाही, किंवा व्यासपीठावरून मिर्यामसारखा दुसरा संदेश आला, तर २१ दिवसांनंतर धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. अर्जदार ट्रस्टशी हितसंबंध असलेला असावा लागतो, म्हणून सभासदत्वाचा पुरावा जोडा: सभासद यादी, बाप्तिस्म्याचा दाखला, दशांशाच्या पावत्या. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ४१-ब खाली चौकशी मागता येते. हिशेब देण्यात वारंवार कसूर किंवा पैशांचा गैरवापर सिद्ध झाला तर ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा बडतर्फ करता येतं. ट्रस्टची मालमत्ता कुणी फुंकून टाकायच्या बेतात असेल तर ४१-ई खाली मनाई मागता येते. तुमच्या बाबतीत जमीन ट्रस्टच्या नावावर नसल्याने इथे वकील लागेल. पैसा ट्रस्टचा होता हे आधी दाखवावं लागेल आणि ते बँक उताऱ्यावरच ठरेल. जागा ट्रस्टच्या नावावर आल्यानंतर मात्र धर्मादाय आयुक्तांच्या आगाऊ मंजुरीशिवाय ती विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. पोलिसांकडे विश्वासघाताची फिर्याद ही शेवटची पायरी, कागद हातात आल्यानंतरची.

‘भावाने भावाला कोर्टात नेऊ नये’ हे १ करिंथ सहाव्या अध्यायातलं म्हणणं पुढे केलं जाईल. पौलाचा मुद्दा आपसातल्या दाव्यांचा आहे. ट्रस्टचे हिशेब तपासणं हे धर्मादाय कार्यालयाचं रोजचं काम आहे, देवस्थानांचं होतं तसंच चर्चचं. शिवाय पौलाने यरुशलेमच्या वर्गणीसाठी स्वतःबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, ती कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणूनच.

बाहेरच्या बोभाट्याची तुमची भीती खोटी नाही. म्हणूनच अर्जात फक्त हिशेब आणि जमीन लिहा. उपासना कशी होते, कोण कुठून आलं, कुणाचा बाप्तिस्मा झाला यातलं काहीही नको. पत्रकार, नगरसेवक, कुठल्याही संघटनेचे कार्यकर्ते यांना सांगू नका, मदत करायला धावत आले तरी नको. मात्र याच भीतीच्या आडोशाला बरेच जण लपतात हेही खरं. हिशेब स्वच्छ असलेल्या मंडळीवर बोट ठेवणं बाहेरच्यालाही अवघड जातं.

(हे सगळं पैशांपुरतं. एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी गैरवर्तनाची गोष्ट असती तर पत्रं आणि २१ दिवस यांचा प्रश्नच नव्हता. पॉक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा) ते तात्काळ पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मुलांची हेल्पलाइन १०९८.)

डायोसिस असलेल्या मंडळ्यांतले वाचक हे वाचून निर्धास्त होत असतील तर त्यांनी होऊ नये. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या तत्कालीन मॉडरेटरना (प्रमुख बिशपना) सप्टेंबर २०२२ मध्ये शाळांच्या पैशांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून नागपूर विमानतळावर अटक झाली होती. तिथे पास्टरेट कमिटी (स्थानिक मंडळीची समिती) आणि डायोसिसचा दरवाजा आहे एवढाच फरक. कॅथलिक वाचकांना सांगायचं तर प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) आर्थिक समिती असलीच पाहिजे असं चर्चचा स्वतःचा कायदा सांगतो. तुमच्याकडे ती फक्त कागदावर असेल तर फादरना तेच विचारा.

मुलीचं लग्न. पास्टरांकडे ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ खालचा शासनाचा परवाना आहे का, हे या गडबडीत पडताळून घ्या. स्वतंत्र मंडळ्यांत कधी कधी तोही नसतो आणि लग्नाचा दाखला पुढे पासपोर्टला अडतो. परवानाधारक दुसरे पाळकही हे लग्न लावू शकतात. जवळच्या जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांना आत्ताच भेटून ठेवा, डिसेंबरच्या तारखा लवकर जातात. काहीच जमलं नाही तर विशेष विवाह कायद्याने नोंदणी करून मग आशीर्वादाची उपासना ठेवता येते. त्याला ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणजे उशिरात उशिरा ऑक्टोबरअखेर अर्ज. लग्नाच्या भीतीने पत्र थांबवू नका, पण सोय झाल्यावर पत्र दिलंत तर हात थरथरणार नाहीत.

आणि अर्पण थांबवू नका. ते थांबलं की ‘यांना द्यायचंच नव्हतं’ हे बोलायला मोकळं होतं. फक्त क्यूआर कोड सोडा. चेक ट्रस्टच्या पूर्ण नावाने लिहा, वर दोन आडव्या रेघा मारा, मागे ‘बांधकाम निधी’ किंवा ‘दशांश’ लिहा आणि पावती घेतल्याशिवाय हॉलमधून निघू नका. चेक वटला की ट्रस्टचं खातं चालू आहे हे कळेल. ‘या नावाचं खातंच नाही, माझ्या नावाने द्या’ असं सांगितलं गेलं, तर ते लेखी मागा आणि चेक परत घ्या.